काम उत्तम, तरी बढती दुसऱ्याला: नेमकं कुठे अडतं आणि काय करायचं

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते. मेंटेनन्स विभागात सहा वर्षं झाली, चौदा जणांत तुम्ही एकट्याच बाई. ओळीने तीन वर्षं अप्रेजलमध्ये वरची श्रेणी आहे. तरी सेक्शन हेडची जागा दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा तुमच्या मागून आलेल्या सहकाऱ्याला मिळाली. साहेब म्हणतात, "काम उत्तमच आहे, अजून थोडी तयारी होऊ दे." ऑडिटच्या फायली, बैठकांची मिनिट्स, नव्या ट्रेनींना शिकवणं आणि रोजचा रिपोर्ट हे सगळं तुमच्याकडे असतं. आणि तुम्ही विचारलंय की आता जरा आक्रमक व्हावं, की सरळ नोकरी बदलावी.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला तुमच्या कामात खोट दिसत नाही, स्वभावातही नाही. नाव ज्या खोलीत ठरतं तिथे तुम्ही नसता. तिथे तुमच्याबद्दल सांगण्यासारखं काय आहे आणि ते सांगायला कोण तोंड उघडतं, यावर बढती ठरते. श्रेणी वरची असूनही या दोन्ही बाबी कोऱ्या राहू शकतात. तुमच्या बाबतीत तेच झालेलं दिसतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमच्याकडे बढती जागा रिकामी झाली तरच मिळते, की ठरावीक निकष पूर्ण केले की वरची ग्रेड मिळते, हे पहिल्यांदा माहीत करून घ्या. जागेवर अवलंबून असेल तर पुढची जागा कधी निघेल याचा अंदाज आत्ताच हवा: कोण निवृत्त होतंय, कोणाची बदली ठरली आहे, नवी लाइन कधी सुरू होणार. दुसरी गोष्ट साहेबांची. काही साहेबांना तुमची बढती मनापासून हवी असते, पण वर मांडायला मुद्दे नसतात. काहींना तुम्ही जिथे आहात तिथेच हव्या असतात, कारण तुमच्यामुळे त्यांचं ऑडिट बिनघोर पार पडतं. दोघंही तोंडावर सारखंच गोड बोलतात. फरक कसा ओळखायचा ते पुढे येईल.

आता त्या खोलीत काय घडतं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावरच बेतलेलं आहे. बढतीच्या बैठकीत बरीच नावं असतात आणि एका नावाला जेमतेम काही मिनिटं मिळतात. श्रेणी चांगली असणं ही फक्त आत येण्याची अट असते. तिथवर आलेल्या बहुतेकांची श्रेणी चांगलीच असते. त्यानंतर जे प्रश्न येतात ते वेगळे: याने एकट्याने काय पेललंय? रात्री दोनला लाइन बंद पडली तर निर्णय घेईल का? प्रॉडक्शनवाले याचं ऐकतात का? याचं काम तुमच्याशिवाय आणखी कुणी पाहिलंय का? विभागप्रमुखाने या प्रश्नांना प्रसंग सांगून उत्तर दिलं की नाव पुढे सरकतं. "फार मेहनती आहे, कधी तक्रार नाही, सगळं वेळेवर करते" एवढंच तो बोलला तर सगळे माना डोलावतात आणि पुढच्या नावाकडे वळतात.

अप्रेजलमधली श्रेणी हा मागच्या वर्षाचा हिशेब असतो, बढती हा पुढच्या कामाचा अंदाज असतो. हा अंदाज बायकांच्या बाबतीत कमी लावला जातो, याला चांगला पुरावा आहे. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या संशोधकांनी उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या रिटेल साखळीतल्या जवळपास 30,000 कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. प्रत्यक्ष कामगिरीत बायकांना सरासरी जास्त गुण होते, पण 'पुढे जाण्याची क्षमता' या रकान्यात कमी होते, आणि बढतीतला फरक बराचसा त्या रकान्यातून येत होता. क्षमतेचे गुण सारखे असलेल्या पुरुष आणि स्त्रियांची पुढच्या वर्षीची कामगिरी पाहिली तर बायकाच पुढे होत्या. म्हणजे अंदाजच चुकत होता. तुमच्या साहेबांचा "तयारी" हा शब्द याच रकान्यातून आलेला आहे.

हे सगळं मुद्दाम केलं जातं असंही नाही. 2012 साली कोरिन मॉस-रॅक्युसिन आणि सहकाऱ्यांनी 127 विज्ञान प्राध्यापकांना प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकपदाचा एकच अर्ज पाठवला, काहींना पुरुषाच्या नावाने, काहींना बाईच्या. बाईच्या नावाच्या अर्जाला कमी सक्षम ठरवलं गेलं आणि पगारही कमी सुचवला गेला. तसं करणाऱ्यांत स्त्री प्राध्यापकही होत्या. म्हणून कोण आपल्या विरोधात आहे हे शोधत बसण्यात शक्ती घालवू नका. ज्यावर अंदाज बांधण्याऐवजी बोट ठेवता येईल अशी माहिती त्या खोलीत पोचवणं हे तुमच्या हातात आहे.

आता तुमच्या वेळेकडे येते. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग हाच आहे, आणि तुम्ही तो ओघात लिहून टाकला आहे. फायली, मिनिट्स, ट्रेनी, रोजचा रिपोर्ट. ही कामं झाली नाहीत तर विभाग अडतो. पण ती उत्तम झाली म्हणून कुणाला सेक्शन हेड केलेलं मी पाहिलेलं नाही. लिंडा बॅबकॉक, मारिया रेकाल्डे, लीस व्हेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट यांनी 2017 साली नेमका याच प्रकारच्या कामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मिश्र गटात असं बिनफायद्याचं काम उचलायला बायका पुरुषांपेक्षा 48 टक्के जास्त वेळा पुढे आल्या. कुणाला सांगायचं हे ठरवण्याचा अधिकार एका माणसाला दिला तेव्हा त्यानेही बायकांना 44 टक्के जास्त वेळा विचारलं. गट फक्त बायकांचा किंवा फक्त पुरुषांचा असला की मात्र दोघांत फरक उरला नाही. यावरून हा बायकांचा स्वभाव आहे हे म्हणणं टिकत नाही. समोर बाई असली की ती करेल असं सगळ्यांनी धरलेलं असतं, आणि तिनेही.

तेव्हा पहिलं काम हे करा. दोन आठवडे रोज संध्याकाळी पाच मिनिटं काढून दिवसाचे तास लिहा. तीन रकाने पुरेत: यंत्रं, खर्च किंवा बंद तास यांच्यावर थेट परिणाम करणारं काम, आपल्या पदाचं नेहमीचं काम, आणि कुणीही करू शकेल पण माझ्याकडे आलेलं काम. तिसरा रकाना आठवड्याला सहा-सात तासांच्या वर गेला तर एक अख्खा कामाचा दिवस तिकडे जातोय. हा कागद साहेबांपुढे ठेवण्यासाठी आहे, म्हणून नीट लिहा.

ही कामं सोडायची, पण एका दिवसात हात वर करून नाही. अचानक नकार दिला तर "हल्ली हिचं मन लागत नाही" असं ऐकू येईल. प्रत्येक कामाला वेगळी वाट काढा. मिनिट्ससाठी पाळी लावा. बैठकीआधी मेलमध्ये एवढंच लिहा: "आजपासून मिनिट्स आडनावांच्या क्रमाने घेऊ या, नमुना सोबत जोडला आहे." नमुना जोडणं महत्त्वाचं, नाहीतर 'मला जमत नाही' म्हणून काम फिरून तुमच्याच टेबलावर येईल. रोजचा रिपोर्ट शिफ्टवाल्याने भरावा असं ठरवून घ्या आणि भरण्याची पद्धत एका पानावर लिहून द्या. पहिले तीन-चार रिपोर्ट चुकतील. इथेच बहुतेक जणी हरतात: रात्री बसून चुका दुरुस्त करून टाकतात आणि महिन्याभरात काम परत गळ्यात येतं. चुकीचा रिपोर्ट ज्याचा त्याला परत पाठवा, साहेबांना प्रत ठेवा आणि थांबा.

ऑडिट मात्र सोडू नका, त्याचं रूप बदला. फायली लावणं दुसऱ्याकडे द्या आणि ऑडिटमध्ये निघालेल्या त्रुटी बंद करण्याची जबाबदारी स्वतःकडे मागा. फायलीचं श्रेय कुणाला मिळत नाही. "मागच्या ऑडिटमधल्या नऊपैकी आठ त्रुटी मुदतीत बंद केल्या, त्यासाठी तीन विभागांकडून काम करून घेतलं" हे वाक्य बढतीच्या बैठकीत बोलता येतं. ट्रेनींचंही तसंच. शिकवणं चालू ठेवा, पण दोन ट्रेनी अधिकृतपणे तुमच्या हाताखाली द्या असं मागा, त्यांच्या अप्रेजलवर तुमचं मत नोंदवलं जाईल असं. तेव्हाच त्याला माणसं सांभाळण्याचा अनुभव म्हणतात.

मोकळा झालेला वेळ कुठे घालायचा? ज्या कामाचा परिणाम पैशात, तासांत किंवा सुरक्षिततेत मोजता येतो तिथे. तुमच्या क्षेत्रात माझा क्रम असा राहील: एखाद्या सेक्शनच्या वार्षिक शटडाउनचं (दुरुस्तीसाठी यंत्रं ठरवून बंद ठेवण्याचं) नियोजन आणि अंमलबजावणी, सुट्या भागांच्या साठ्याचं बजेट, मोठ्या कंत्राटदाराचं काम, वारंवार बिघडणाऱ्या एखाद्या यंत्राचा कायमचा बंदोबस्त. यातलं एक तरी पुढच्या सहा महिन्यांत पूर्णपणे तुमच्या नावावर हवं. 'मदत करते' असं नको, 'जबाबदार' या रकान्यात नाव हवं. मेरी बारा 1980 मध्ये जनरल मोटर्समध्ये विद्यार्थी-प्रशिक्षणार्थी म्हणून लागल्या आणि 2014 मध्ये कंपनीच्या प्रमुख झाल्या. मधल्या वर्षांत त्यांनी मोटारींचा एक अख्खा कारखाना चालवला होता आणि नंतर उत्पादन-विकासही सांभाळला. मनुष्यबळ विभागही त्यांच्याकडे होता, पण त्यांची ओळख तेवढ्यावर थांबली नाही. वर पोचणाऱ्यांना कुठे ना कुठे असं थेट उत्पादनाचं काम करावं लागतं.

इथे एक अडथळा हमखास येतो: काळजीचा. "रात्रपाळी तुला कशाला", "टॉवरवर तू चढू नकोस", "बाहेरच्या साइटला त्याला पाठवतो." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि नुकसान मोठं होतं, कारण रात्री एकट्याने निर्णय घेतल्याचा प्रसंगच तुमच्या नावावर जमा होत नाही. यावर रागावण्यापेक्षा आधीच स्पष्ट सांगून ठेवा आणि मेलवरही टाका: "रात्रपाळी, उंचीवरचं काम, प्रवास आणि बदली याबाबत माझ्या वतीने कुणी ठरवू नये, मला विचारावं. नाही म्हणायचं असेल तर मी म्हणेन." घरची जबाबदारी, लग्न, मूल यांबद्दलचे अंदाजही याच वाक्याने बऱ्यापैकी थांबतात. त्याबरोबर सोयी मागायला लाजू नका. पुरुषांच्या मापाचा हार्नेस (उंचीवर काम करताना अंगाला बांधायचा सुरक्षा-पट्टा) तुमच्या अंगावर सैल बसत असेल तर पडताना तो ज्या जागी ओढ घ्यायला हवी तिथे घेणार नाही. मोठ्या हातमोज्यांत नट-बोल्ट पकडता येत नाहीत आणि फिरत्या भागाजवळ ते धोक्याचे असतात. मापाचा हार्नेस, हातमोजे, बूट आणि कामाच्या जागेजवळ स्वच्छतागृह हे सगळं सेफ्टी विभागाकडे लेखी मागा. ही सवलत नाही, सुरक्षेची बाब आहे, आणि तशीच मांडली की लवकर मार्गी लागते.

काम मागताना एका सापळ्याकडे लक्ष ठेवा. एक्सेटर विद्यापीठातल्या मिशेल रायन आणि ॲलेक्स हॅस्लम यांनी 2005 मध्ये दाखवलं की कंपन्यांची अवस्था आधीच वाईट असताना बायकांना वरच्या जागा मिळण्याचं प्रमाण जास्त होतं. कारखान्यातही हे होतं. दोन जणांनी सोडून दिलेला प्रकल्प अचानक मोठ्या कौतुकाने पुढे केला जातो. घेण्याआधी चार गोष्टी विचारा: माणसं किती आणि कोण, खर्चाचा अधिकार किती, मुदत कोणी ठरवली, आणि आत्ता काम नेमकं कुठल्या अवस्थेत आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच आठवड्यात एका पानावर लिहून वर पाठवा, म्हणजे आधीचं नुकसान तुमच्या खात्यावर पडणार नाही. चारपैकी दोन उत्तरं गोलमाल असतील तर तो प्रकल्प घेऊ नका.

केलेलं काम नोंदवण्याची रीतही बदला. दर शुक्रवारी पंधरा मिनिटं. चार बाबी: अडचण काय होती, मी काय ठरवलं, परिणाम किती, आणि कुणी पाहिलं. उदाहरण देते. बहुतेक अर्जांत असं वाक्य असतं: "पंपाचे ब्रेकडाउन कमी करण्यासाठी प्रयत्न केले." यातून कुणाला काही कळत नाही. तेच काम असं लिहा: "कूलिंग वॉटर पंपाचं मेकॅनिकल सील दर दोन महिन्यांनी जात होतं. आजवर दर वेळी सील बदललं जायचं. मी मोटर आणि पंप एका रेषेत आहेत का (अलाइनमेंट) ते तपासायचं ठरवलं. मोटरचा एक पाय बेसप्लेटवर टेकत नव्हता आणि सक्शन पाइपचा ताण पंपावर येत होता. शिम (पातळ पत्रे) घातले, पाइपचा सपोर्ट बदलला, लेझरने अलाइनमेंट केलं. त्यानंतर आठ महिन्यांत सील बदलावं लागलेलं नाही. प्रॉडक्शनच्या लॉगबुकात नोंद आहे." विभागप्रमुख हे जसंच्या तसं वाचून दाखवू शकतो, आणि ऐकणाऱ्याला कळतं की ही बाई बिघाडाच्या मुळाशी जाते.

'आम्ही' आणि 'मी' हाही प्रश्न इथे येतो. मेहनत टीमची असेल तर टीमचं नाव जरूर घ्या. पण निर्णय तुमचा होता तर तिथे 'मी' लिहा. "चौघांनी दोन रात्री काम केलं, शटडाउन एक दिवस पुढे ढकलायचा निर्णय मी घेतला." यात कुणाचं श्रेय लाटलं जात नाही.

चौदा जणांत एकटी असण्याचाही एक परिणाम आहे. रोझाबेथ मॉस कँटर यांनी 1977 सालीच मांडलं होतं की गटात ज्यांचं प्रमाण 15 टक्क्यांच्या आत असतं त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण ते माणसाकडे, कामाकडे नाही. म्हणून तुमची चूक वर्षभर लक्षात राहते आणि काम विसरलं जातं. चुकीच्या बाबतीत उपाय एकच: चूक झाली तर त्याच दिवशी, दुसऱ्या कुणी सांगण्याआधी, कारण आणि दुरुस्तीसह तुम्हीच कळवा. माफीची चार वाक्यं नकोत. काय झालं, का झालं, काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, एवढं पुरे.

बैठकीत तुमचा मुद्दा दुसऱ्याच्या तोंडून मान्य होत असेल तर एक पानाचं टिपण आदल्या दिवशी पाठवा, म्हणजे मुद्द्याला तारीख आणि नाव राहील. तरी झालंच तर तिथल्या तिथे शांतपणे म्हणा, "हो, कालच्या टिपणात मी हेच सुचवलं होतं. त्यातला पुढचा टप्पा सांगते." आणि खरोखर पुढचा टप्पा सांगा. आवाज चढवायची गरज पडत नाही.

आता शब्द टाकणारं माणूस. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आपली पत पणाला लावून "हिला द्या, मी सांगतो" असं म्हणणारा एखादाच. हर्मिनिया इबारा आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये हाच फरक दाखवला होता: बायकांना मार्गदर्शन भरपूर मिळतं, पाठबळ कमी. तुमच्यासाठी मी तीन माणसं धरते. तुमचे साहेब, त्यांच्यावरचे साहेब आणि प्रॉडक्शनचे प्रमुख. तिसरं नाव बहुतेक जणी विसरतात, पण त्या खोलीत त्याच्या शब्दाला सर्वांत जास्त वजन असतं, कारण यंत्र बंद पडल्याचा फटका त्याला बसतो. तुमच्या पंपामुळे त्याची लाइन चालू राहिली हे त्याला माहीत हवं. दर दोन महिन्यांनी वीस मिनिटं मागा आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. त्याच्या लाइनच्या बंद तासांचा तक्ता न्या, पहिल्या दोन कारणांवर तुमचा प्रस्ताव न्या आणि त्याचं मत विचारा. तुमच्या साहेबांना आधी सांगून जा, नाहीतर डोक्यावरून गेल्याचा ठपका येतो आणि तो सहज पुसला जात नाही. संध्याकाळच्या अनौपचारिक बैठकांना पुरुष सहकारी जातात आणि तुम्ही जात नाही, याची खंत अनेकींना असते. जायचं नसेल तर जाऊ नका. वरिष्ठांबरोबर प्लांटचा फेरफटका मारायला वेळ मागून घ्या. यंत्रासमोर उभं राहून झालेलं बोलणं जास्त लक्षात राहतं.

यानंतर साहेबांशी बोलणं. हे अप्रेजलच्या दिवशी करू नका, तोवर नावं बहुतेक ठरलेली असतात. त्याआधी निदान तीन महिने करा. अर्धा तास मागा आणि विषय आधी कळवा, म्हणजे ते विचार करून येतील. पहिलंच वाक्य सरळ असू द्या: "पुढची सेक्शन हेडची जागा मला हवी आहे. त्यासाठी माझं नाव आपण वर मांडावं अशी माझी अपेक्षा आहे." बायका इथे 'संधी मिळाली तर बघू' म्हणतात आणि ऐकणारा ते इच्छा नसल्याची खूण म्हणून घेतो. मग तीन प्रश्न: या पदाचे निकष कोणते? त्यातला कोणता माझ्यात अजून दिसला नाही? तो कोणत्या कामातून आणि कोणत्या तारखेपर्यंत दिसला तर माझं नाव जाईल?

"तयारी होऊ दे" हे उत्तर पुन्हा येईल. शेली कॉरेल आणि कॅरोलिन सिमार्ड यांनी 2016 मध्ये हेच मांडलं होतं की बायकांना मिळणारा अभिप्राय मोघम असतो आणि त्यावर काही करता येत नाही. तेव्हा विचारा, "तयारी म्हणजे मी अजून न केलेलं नेमकं कोणतं काम?" आणि गप्प बसा. शांतता अवघड वाटली तरी ती तुम्ही भरू नका. इथेच साहेबांचा हेतू कळतो. ज्याला तुमची बढती हवी आहे तो दोन-तीन कामांची नावं घेईल. ज्याला तुम्ही आहात तिथेच हव्या आहात तो पुन्हा तुमच्या मेहनतीचं कौतुक करेल. पहिल्या प्रकारच्या साहेबाबरोबर तासांचा तो कागद काढा आणि म्हणा, "शटडाउन घेण्यासाठी मला एवढे तास मोकळे करावे लागतील, त्यासाठी ही कामं अशी वाटून देऊ या." त्याच संध्याकाळी मेल: "आज ठरल्याप्रमाणे मी अमुक सेक्शनचा शटडाउन घेते. तो अमुक तारखेपर्यंत नियोजित खर्चात पूर्ण झाला तर पुढच्या फेरीत माझं नाव मांडलं जाईल. काही चुकीचं लिहिलं असेल तर कळवावं." मग दर महिन्याला दहा मिनिटं त्याच मेलवर बोला. मेल पाठवून गप्प बसलं तर वर्षभराने भिजत घोंगडं तसंच सापडेल.

आक्रमक व्हावं का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे येतं. नुसतं मागून भागत नाही. बेंजामिन आर्ट्झ, अमांडा गुडॉल आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड यांना 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कर्मचाऱ्यांत आढळलं की बायका पुरुषांइतक्याच वेळा पगारवाढ मागतात, पण त्यांना ती कमी वेळा मिळते. शिवाय हॅना रायली बाउल्स आणि सहकाऱ्यांच्या 2007 च्या प्रयोगांत स्वतःसाठी जोरात मागणाऱ्या बाईबद्दल मन कलुषित होत असल्याचं दिसलं; पुरुषाच्या बाबतीत तेवढं नाही. हा अन्याय आहे आणि तो तुम्ही सोसावा असं मी म्हणणार नाही. पण उद्याच्या बैठकीत काय उपयोगी पडेल असं विचारलंत तर मागणी ठाम ठेवा, तारीख ठेवा आणि कारण विभागाच्या भाषेत द्या: "हा सेक्शन माझ्याकडे आला तर बंद तास कमी करण्याची माझी योजना अशी." पगाराच्या बाबतीत आधी नियम विचारा: "या पदाच्या पगारावर बोलणी होतात का?" अँड्रियास लायब्रँट आणि जॉन लिस्ट यांच्या 2015 च्या प्रयोगात जाहिरातीत बोलणी होऊ शकतात असं स्पष्ट लिहिल्यावर बायका आणि पुरुष यांच्या मागण्यातला फरक नाहीसा झाला होता.

वेळेचा हिशेब मांडायचा तर असा: पहिले दोन आठवडे तासांची नोंद, तिसऱ्या आठवड्यात साहेबांशी बोलणं आणि मेल, दुसऱ्या महिन्यापासून कामांची वाटणी, आठव्या महिन्यापर्यंत एक मोजता येणारं काम पूर्ण, आणि बैठकीच्या सहा आठवडे आधी तिघांकडे एक पानाचा गोषवारा. एका फेरीला साधारण वर्ष जातं.

एक बाब या सगळ्यापासून वेगळी ठेवा. अंगचटीला येणं, घाणेरडे शेरे किंवा नकार दिला म्हणून काम काढून घेणं यातलं काही होत असेल तर तो बढतीचा विषय नाही आणि साहेबांशी होणाऱ्या त्या बोलण्यात तो मिसळू नका. तारीख, वेळ, जागा, शब्द आणि उपस्थित कोण हे त्याच दिवशी लिहा, प्रत कंपनीच्या यंत्रणेबाहेर ठेवा आणि तक्रारीची अधिकृत वाट धरा. कामाच्या ठिकाणचा छळ रोखण्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 190 क्रमांकाचा करार 2019 मध्ये झाला आहे. तुमच्या देशातला कायदा आणि त्यातली मुदत मात्र वकिलाकडून समजून घ्या, कारण तक्रारीची मुदत अनेकदा छोटी असते.

नोकरी बदलावी का? लेखी ठरल्यानंतर एक पूर्ण फेरी द्या. काम तारखेत झालं, आकडे आहेत, मेल आहे, जागा निघाली आणि तरीही नाव गेलं नाही, किंवा निकष मधेच बदलले, तर थांबू नका. त्याआधी त्याच कंपनीत दुसरा प्लांट किंवा प्रॉडक्शनमधली जागा पाहा, कारण तिथे तुमचं सहा वर्षांचं ज्ञान फुकट जात नाही. बाहेरची ऑफर हातात घेऊन धमकी देऊ नका. खरंच जायचं असेल तरच ती दाखवा. आणि अडचण फक्त तुमच्या कंपनीची आहे असं समजून कुठेही उडी मारू नका. मॅकिन्सी ही सल्लागार कंपनी आणि लीन इन ही बायकांसाठी काम करणारी संस्था यांच्या अमेरिकेतल्या कंपन्यांवरच्या 2024 च्या अहवालात दिसलं की व्यवस्थापकाच्या पहिल्या पायरीवर 100 पुरुष चढले तेव्हा 81 बायका चढल्या. ही पायरी खूप ठिकाणी मोडकी आहे. म्हणून मुलाखतीत तुम्हीही विचारा: या पदावर याआधीचे तिघं कोण होते आणि आता कुठे आहेत? प्लांटवर, शिफ्टची जबाबदारी असलेल्या बायका किती? त्यांतल्या एकीशी मला बोलता येईल का? बढतीचे निकष लेखी आहेत का, ते पाहायला मिळतील का? शेवटच्या दोन प्रश्नांवर जे टाळाटाळ करतात तिथे पगार जास्त असला तरी दोन वर्षांनी तुम्ही हाच प्रश्न पुन्हा विचाराल. जिथे बोलू देतात तिथे त्या बाईला एकच विचारा: तुमचं नाव बैठकीत कोणी मांडलं, आणि त्यासाठी तुम्ही कोणतं काम दाखवलं? तिला ते पटकन सांगता आलं तर त्या जागेचा विचार नक्की करा.